उंदराला काय वाटतं?

गेल्या महिन्यात चार दिवस मावशीकडे राहून आले. एका रात्री जेवणं उरकली, ओटा आवरून झाला, काका झोपायला गेले आणि आम्ही दोघी झोपाळ्यावर येऊन बसलो. मी सहज विचारलं, "मावशी, तू लग्नाला का नाही आलीस गं? सगळे विचारत होते."

मामेभावाचं लग्न होतं, कोल्हापुरात. मावशीचा सगळ्यात लाडका भाचा. तिने गुडघ्याचं कारण सांगितलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं होतं.

मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "गुडघ्याचं काही नाही गं. बसमध्ये पाच तास बसायचं म्हणजे... मला सारखं जावं लागतं."

"जावं लागतं म्हणजे?"

"अगं, जावं लागतं म्हणजे जावं लागतं!"

आपली भाषा पण किती सोवळी बघा. जाऊन येते, बाहेर जाते, एक नंबर, करंगळी वर... सगळं आहे, फक्त त्या गोष्टीचं नाव नाही. मग हळूहळू तिने सांगितलं. सहा वर्षं झाली. कुलपात किल्ली घातली की कळ येते. नळाचा आवाज आला की येते. आणि एकदा आली की दोन मिनिटं धीर धरवत नाही. रात्री चार-चार वेळा उठणं. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी बंद. एका डॉक्टरांना सांगायचा प्रयत्न केला होता. त्यांनी मान वर न करता "वय झालं आजी, चालायचंच" म्हणून गोळ्या लिहून दिल्या, कसल्या तर व्हिटॅमिनच्या. त्यानंतर तिने कुणाला सांगितलंच नाही.

मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण मंडळी, हा आजार मला माहीत होता. नुसता माहीत नव्हता, एम. फार्म. करताना मी वर्षभर त्याच्यावर काम केलं होतं. उंदरांवर.

आता हे ऐकून नाकं मुरडू नका :) ही पोस्ट त्याच उंदरांबद्दल आहे. आणि मांजरांबद्दल, कुत्र्यांबद्दल, डुकरांबद्दल. मावशीला विचारूनच लिहितेय. "लिही, पण माझं नाव घालू नकोस," एवढीच तिची अट.

*

आधी आमची प्रयोगशाळा. साल २००१ च्या आसपास. बी. फार्म.ला आम्ही अजून काजळी लावलेल्या ड्रमवर प्रयोग करायचो. गुळगुळीत कागद ड्रमवर गुंडाळायचा, धुरावर धरून काळा करायचा आणि मग तरफेचं टोक त्यावर टेकवायचं. आतड्याचा तुकडा आकसला की टोक वर जातं आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटते. हात, नाक, ओढणी, सगळं काळं. या यंत्राचं नाव कायमोग्राफ. जर्मनीतल्या कार्ल लुडविगने १८४७ साली ते आणलं. नंतर एम. फार्म.ला फिजिओग्राफ आला, शाईची पेनं आली, पण गोष्ट तीच. शरीर काहीतरी करतं आणि कागदावर रेघ उमटते.

माझा प्रयोग असा होता. मोठा पांढरा उंदीर, म्हणजे रॅट, युरेथेन देऊन बेशुद्ध करायचा. युरेथेनच का, तर त्याने जनावराला शुद्ध राहत नाही पण लघवीची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत राहते. मूत्राशयात बारीक नळी घालायची, तिच्यातून हळूहळू सलाइन सोडायचं आणि आतला दाब मोजायचा. रेघ बराच वेळ सपाट जाते, मग एकदम मोठा डोंगर येतो. म्हणजे लघवी झाली. पुन्हा सपाट, पुन्हा डोंगर. पण मूत्राशय बिघडलेलं असलं तर दोन डोंगरांच्या मध्ये छोट्या छोट्या टेकड्या दिसतात. मूत्राशय आकसलंय, पण लघवी झालेली नाही. आमचे सर त्या टेकड्या मोजायला लावायचे. "हीच ती अर्जन्सी," म्हणायचे. टेकड्या कमी झाल्या म्हणजे औषध लागू पडलं.

मी मोजल्या. शेकडो मोजल्या. तेव्हा कधी डोक्यात आलं नाही की अर्जन्सी म्हणजे घाई, कळ, आणि ती कुणाला तरी *वाटावी* लागते. आणि माझा उंदीर तर बेशुद्ध होता!

मावशीकडून परत आल्यावर जुन्या नोट्स काढल्या, पुष्कळ वाचलं. या एका प्रश्नाचा इतिहास जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे. जनावराला काय वाटतं ते कसं विचारायचं? तोच आज थोडक्यात सांगते.

*

सुरुवात कुत्र्यांपासून. १८७४ च्या सुमारास फ्रीड्रिश गोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने कुत्र्यांचा मज्जारज्जू पाठीत कापला. म्हणजे मेंदूचा आणि खालच्या शरीराचा संबंध तोडला. काही काळ मूत्राशय लुळं पडलं, पण नंतर ते आपोआप रिकामं व्हायला लागलं. म्हणजे लघवीचं एक केंद्र मेंदूच्या हुकमाशिवाय, खाली मज्जारज्जूतही आहे तर! त्या कुत्र्याला मात्र यातलं काहीच कळत नव्हतं. वाचताना पोटात कालवतं. गोल्ट्झला त्याच्या हयातीतही लोकांनी यावरून सोडलं नाही.

मग इटलीतला आंजेलो मोस्सो. हा त्या कायमोग्राफवाल्या लुडविगच्या हाताखाली शिकून आलेला. त्याने आणि पेल्लाकानी नावाच्या सहकाऱ्याने १८८१-८२ मध्ये कुत्र्यांच्या आणि बायकांच्याही मूत्राशयाच्या हालचाली रेघेवर उतरवल्या. दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे मूत्राशय हा नुसता फुगा नाही. आत जास्त पाणी आलं तरी ते सैल होऊन दाब तेवढाच राखू शकतं. आणि दुसरी गंमत म्हणजे कुणी बोललं, अंगाला हात लावला, एवढ्या तेवढ्यानेही ते आकसतं. मनात काय चाललंय ते डोळ्याच्या बाहुलीइतकंच मूत्राशयावरूनही कळतं, असं त्यांचं मत झालं.

मावशीची किल्ली आणि नळ आठवले. १८८१ सालच्या रेघेत ते होतंच की!

त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षं मांजरांची. लंडनमध्ये बॅरिंग्टन नावाचे एक सर्जन होते. पेशाने मूत्रविकारांचे शल्यविशारद, पण संशोधनात मांजरांच्या मेंदूचा हा भाग त्यांनी पिंजून काढला. मांजरांच्या मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात दोन्ही बाजूंना एक इवलीशी जागा त्यांनी नष्ट केली आणि मांजराची लघवी अडली ती अडलीच. १९२१ आणि १९२५ चे त्यांचे निबंध प्रसिद्ध आहेत. त्या जागेला आजही बॅरिंग्टनचं केंद्रक म्हणतात. मूत्राशय भरलं की बातमी मज्जारज्जूतून वर या जागेपर्यंत जाते आणि "हं, आता सोड" हा हुकूम तिथून खाली येतो.

माणसात हे खरं आहे का? ते बघायला १९९७ साल उजाडावं लागलं. नेदरलँड्समध्ये ब्लोक आणि होल्स्टेगे यांनी १७ पुरुषांना मेंदूच्या पेट स्कॅनखाली झोपवलं आणि सांगितलं, करा लघवी. बिचाऱ्यांपैकी दहा जणांनाच जमलं :) पण त्या दहा जणांच्या मेंदूत पॉन्समधली जागा उजळली, मांजरात बॅरिंग्टनला सापडली होती तिथेच. बाकीच्या सात जणांना खूप लागली होती, पण होईना. त्यांच्यात जवळच दुसरी एक जागा उजळली. सत्तर वर्षांपूर्वीच्या मांजरांनी खरं सांगितलं होतं.

*

आता जरा आपल्या स्वयंपाकघरातली गोष्ट. मिरची.

मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यात असतो त्याला कॅप्सेसिन म्हणतात. हंगेरीत मिक्लोश यांचो या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात उंदरांवर काम करताना पाहिलं, की कॅप्सेसिनने आधी जोरदार आग होते पण पुन्हा पुन्हा दिलं की ते चेतातंतू बधिर होऊन जातात. मग त्यांना ती आग कळेनाशी होते. ठेचा खाणाऱ्या माणसाला हे सांगायला नको.

याचा मूत्राशयाशी संबंध जोडला गेला तो अमेरिकेत पिट्सबर्गला. विल्यम डी ग्रोट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मांजरांच्या मूत्राशयाच्या चेतातंतूंवर आयुष्य घालवलं. त्यांच्या लक्षात आलं, की धडधाकट मांजरात मूत्राशय भरल्याची बातमी जाड, वेगवान तंतूंतून मेंदूपर्यंत जाते. सी-फायबर नावाचे बारीक, सावकाश तंतू तिथे असतात पण भरल्याच्या बाबतीत गप्प असतात. मज्जारज्जू कापला आणि काही आठवडे गेले, की हे गप्प बसलेले तंतू बोलायला लागतात. आता मेंदूला न विचारता खालच्या खालीच नवी वाट तयार होते आणि मूत्राशय मनाला येईल तेव्हा आकसतं. आणि कॅप्सेसिन दिलं की कापलेल्या मांजरातली ही वाट बंद पडते, धडधाकट मांजराच्या लघवीला मात्र काही होत नाही.

म्हणजे ज्या तंतूंनी बिघाड केला नेमके तेच बधिर करता येतात. इटलीत १९८९ मध्ये आणि लंडनला क्लेअर फाउलर यांनी १९९२ मध्ये माणसांच्या मूत्राशयात पातळ केलेलं कॅप्सेसिन सोडून पाहिलं. फाउलर यांचे रुग्ण मज्जारज्जूचे आजार असलेले होते. काहींना त्याने महिनोन् महिने आराम पडला. पण सुरुवातीची आग भयंकर. त्यामुळे हा उपचार काही नेहमीचा झाला नाही. पुढे बोटॉक्सची इंजेक्शनं आली आणि अमेरिकेत २०११ मध्ये मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी व २०१३ मध्ये मावशीसारख्या रुग्णांसाठी त्यांना मान्यता मिळाली. पण मूत्राशयाकडून वर जाणारी बातमी हाही उपचाराचा विषय असू शकतो, हे मांजरांनी आणि मिरचीने शिकवलं. कॅप्सेसिन पेशीचं जे दार उघडतं ते दार डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधलं आणि त्यासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

आता हेच उंदरात करून पाहिलं तेव्हा मेख निघाली. मज्जारज्जू कापलेल्या उंदराला कॅप्सेसिन दिलं तर फक्त मधल्या टेकड्या कमी होतात, लघवीची मुख्य क्रिया चालूच राहते. मांजरासारखी बंद पडत नाही. म्हणजे मांजर एक सांगतं, उंदीर दुसरं. आणि आपण माणूस!

*

अशा मेखा पुष्कळ आहेत. माणसाचं धडधाकट मूत्राशय आकसतं ते जवळजवळ सगळं ॲसेटिलकोलीन या एका निरोप्याच्या जोरावर. अट्रोपीन देऊन त्याला अडवलं की काम थांबतं. उंदीर आणि गिनीपिगमध्ये मात्र अट्रोपीन दिल्यावरही मूत्राशय बऱ्यापैकी आकसतंच. लँग्लीसारख्या इंग्रज शास्त्रज्ञांना १८९५ पासूनच हे कोडं पडलं होतं. १९७२ मध्ये जेफ्री बर्नस्टॉक यांनी गिनीपिगच्या मूत्राशयावर प्रयोग करून सुचवलं, की इथे दुसरा निरोप्या आहे, एटीपी. पेशींचं इंधन म्हणून शाळेत शिकतो तेच. लोकांनी आधी खूप थट्टा केली, पण ते बरोबर ठरले.

मग उंदरावर चाललेलं औषध माणसावर चालेल कशावरून?

डुक्कर त्या मानाने आपल्या जवळचं. मूत्राशयाचा आकारही आपल्यासारखा. ऑक्सफर्डला ॲलिसन ब्रेडिंग यांचा गट होता. या बाईंना तरुणपणी पोलिओ झाला आणि पुढचं सगळं संशोधन त्यांनी व्हीलचेअरवरून केलं. डुकरांचा मूत्रमार्ग थोडा आवळायचा, म्हणजे प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषासारखी अडचण तयार होते. १९८५ मध्ये सिब्ली यांनी दाखवलं, की अशा डुकरांची मूत्राशयं अवेळी आकसायला लागतात. पुढे दिसलं, की त्या स्नायूत जागोजागी चेतातंतू मरून गेलेले असतात आणि उरलेला स्नायू चिडचिडा झालेला असतो, आपला आपणच आकसतो.

ब्रेडिंग म्हणाल्या, दोष स्नायूचा. डी ग्रोट म्हणाले, दोष चेतातंतूंचा. 'युरॉलॉजी' या नियतकालिकाच्या १९९७ च्या एकाच पुरवणीत दोघांचे निबंध शेजारी शेजारी आले आहेत. मला ते वाचताना आंधळे आणि हत्तीची गोष्ट आठवली. एकाच्या हातात डुकराचा स्नायू, दुसऱ्याच्या हातात मांजराचा मज्जारज्जू. दोघंही खोटं बोलत नाहीत. ज्याला जे जनावर मिळालं, त्याने त्याच्या परीने उत्तर दिलं.

आणि आमचा उंदीर? तो स्वस्त, लहान, पाळायला सोपा. त्यामुळे सगळं ओझं शेवटी त्याच्याच पाठीवर आलं. स्वीडनमध्ये लुंड इथे १९८० च्या दशकात उंदरांचा मूत्रमार्ग दोऱ्याने आवळायची पद्धत बसवली गेली. काही आठवड्यांत मूत्राशय कित्येक पट जड होतं आणि रेघेवर टेकड्या येतात. यातली एक गंमत तेव्हा आम्हा मुलींना फार हसवायची. पुरुषांच्या प्रोस्टेटच्या दुखण्याचा नमुना म्हणून वापरतात त्या बहुतेक सगळ्या माद्या! कारण मादीचा मूत्रमार्ग हाताला सहज लागतो. तिथेही बायकाच :)

आणखी एक उंदीर आहे, जपानचा. १९६३ मध्ये क्योटोला ओकामोटो आणि आओकी यांनी जास्त रक्तदाबाचे उंदीर निवडून निवडून त्यांची एक जातच तयार केली. हेतू फक्त ब्लडप्रेशरचा. पण पुढे अमेरिकेत विल्यम स्टीअर्स यांच्या लक्षात आलं, की हे उंदीर सारखे मुततात आणि त्यांच्या मूत्राशयात चेतातंतूही जास्त आहेत. चिंताग्रस्त तरुणांना जी सारखी लघवीची भावना होते तिच्यासाठी हा नमुना चांगला, असं त्यांनी १९९९ मध्ये मांडलं. परीक्षेच्या हॉलबाहेरची आमची रांग आठवली.

*

पण मला सगळ्यात आवडला तो छोट्या उंदरांचा, म्हणजे माऊसचा प्रयोग. यात कापाकापी नाही. पिंजऱ्याच्या तळाला टिपकागद घालायचा, उंदराला त्यावर सोडायचं आणि नंतर तो कागद अतिनील दिव्याखाली बघायचा. लघवीचे डाग चमकतात. जागोजागी खूप बारीक डाग म्हणजे मूत्राशय जास्त चळवळं, कोपऱ्यात एक मोठा डाग म्हणजे बरं. आज हा कागद याच कामासाठी सर्रास वापरतात.

पण १९७३ मध्ये डेजार्डिन्स आणि मंडळींनी 'सायन्स'मध्ये हा कागद पहिल्यांदा छापला तेव्हा त्यांचा विषय आजार नव्हताच. त्यांनी नर उंदरांच्या जोड्या लावल्या. जो दादा ठरला त्याने पिंजराभर ठिपके सोडले. जो हरला तो मात्र कोपऱ्यात दोन-चार ठिकाणीच गुपचूप करायचा. म्हणजे उंदराची लघवी ही भाषा आहे. मी इथे आहे, ही जागा माझी आहे, असं तो लिहितो. त्या कागदावर ठिपके जास्त दिसले तर उंदीर आजारी आहे की खुशीत आहे, हे कसं ठरवायचं?

मावशी, हे वाचते आहेस ना? घाबरून कोपऱ्यात करणारा उंदीर रेघेवर 'नॉर्मल' ठरला असता.

*

या आजाराला 'ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर' हे नाव रूढ झालं तेही १९९७ च्या आसपास. हे साल या गोष्टीत पुन्हा पुन्हा येतं. त्याआधी डॉक्टर 'अस्थिर मूत्राशय' म्हणायचे आणि ते ठरवायला दाबाची रेघ लागायची. मग २००२ मध्ये इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने नवी व्याख्या दिली. तिच्यात रेघ नाही. आहे ती अचानक येणारी, आवरायला अवघड जाणारी घाई. सोबत वारंवार जाणं, रात्री उठणं, आणि कपडे खराब होवोत की न होवोत.

म्हणजे आजाराची व्याख्याच 'काय वाटतं' यावर आली. माणसांसाठी ही फार चांगली गोष्ट झाली. टेबलावर झोपून नळी घालून घ्यायची गरज नाही, नुसतं सांगितलं तरी पुरतं. पण त्या दिवसापासून जनावरांची पंचाईत झाली. कारण उंदीर रेघ देऊ शकतो, 'घाई' सांगू शकत नाही. या विषयातले जाणते लोकही हे उघड मान्य करतात. या आजाराचा संपूर्ण नमुना असं एकही जनावर नाही, आहेत ते तुकडे.

तुकड्यांनी काहीच दिलं नाही असं मात्र नाही हं. सॅन फ्रान्सिस्कोला टॅनाघो आणि श्मिट यांनी १९७० च्या दशकात कुत्र्यांच्या कमरेखालच्या चेतांना विजेचा हलका प्रवाह देऊन पाहिला. त्यातून निघालेल्या यंत्राला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. मिराबेग्रॉन हे औषध मूत्राशय भरताना स्नायू सैल करतं, ते जपानमध्ये २०११ मध्ये आलं. उंदरांवरही त्याने टेकड्या कमी झाल्या होत्या.

आणि २०२० मध्ये एक फार सुंदर काम झालं. पिझो-२ नावाचं एक प्रथिन पेशीला ताण कळवतं. ते ज्या उंदरांत नाही त्यांचं मूत्राशय भरल्याचा निरोप नीट जात नाही. पण त्याच निबंधात जन्मतः हे प्रथिन नसलेली माणसंही होती. त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं, की दिवसभर गेलो नाही तरी काही वाटत नाही, म्हणून घड्याळ बघून जातो. उंदराने यंत्रणा दाखवली आणि माणसाने ती कशी वाटते ते सांगितलं. दीडशे वर्षांत मला सापडलेला हा सगळ्यात पूर्ण प्रयोग.

*

आमच्या कॉलेजात १९९८ च्या नियमांनंतर एथिक्स कमिटी आली होती. फॉर्ममध्ये लिहावं लागायचं, किती जनावरं, का, दुसरा मार्ग आहे का. मी माझ्या फॉर्ममध्ये 'मानवी रुग्णांच्या कल्याणासाठी' असं सुंदर अक्षरात लिहिलं होतं. तो रुग्ण कोण, कुठे राहतो, कसा जगतो, एकाही रुग्णाशी मी बोलले नव्हते. फॉर्ममध्ये तसा रकानाही नव्हता.

त्या उंदरांची नावं नव्हती, नंबर होते. शेवटी काय केलं तेही लपवत नाही. प्रयोग संपला की त्यांना शुद्धीवर येऊ द्यायचं नसे. आज मी ते काम पुन्हा करीन का? माहीत नाही. मावशीला बघितल्यावर 'नाही' म्हणवत नाही, आणि तो पिंजरा आठवला की 'हो'ही म्हणवत नाही. पण एवढं वाटतं, की ज्याच्या जिवावर आपण शिकलो ते वाया जाऊ देणं हा दुसरा गुन्हा. दीडशे वर्षं लोकांनी मुक्या जनावरांना हर तऱ्हेने विचारलं. धूर लावलेल्या कागदावर विचारलं, दाबाच्या रेघेत विचारलं, दिव्याखाली चमकणाऱ्या ठिपक्यांत विचारलं. आणि जिला बोलता येत होतं तिला सहा वर्षं घरात कुणी विचारलं नाही. मीसुद्धा.

असो. पुढचं सांगते. मावशीला एका बाई डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पेन खाली ठेवून वीस मिनिटं ऐकलं. आधी लघवीची तपासणी, साखर वगैरे. मग तीन दिवसांची डायरी लिहायला दिली. किती वाजता गेलात, किती झाली, घाई होती का. मावशीने जुन्या दिनदर्शिकेच्या मागे रकाने आखून इतक्या नेटाने लिहिलं, की माझे सरही खूश झाले असते. मग ठरावीक वेळांनी जायची सवय, मध्ये थोडा थोडा वेळ वाढवत नेणं, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, संध्याकाळनंतरचा चहा बंद आणि एक गोळी. पूर्ण बरं वाटतंय असं नाही. पण रात्री चारच्या जागी दोनदा उठते. पाणी पुन्हा प्यायला लागली आहे.

परवा फोनवर मी तिला हे सगळं वाचून दाखवलं. मांजर, मिरची, डुक्कर, सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "त्या उंदरांचं वाईट वाटतं गं." आणि जरा थांबून, "भाच्याच्या बाळाच्या बारशाला मात्र मी येणार. बस दोनदा थांबवायला सांग."

सांगते म्हटलं.

वाचणाऱ्या भाच्यांनो, सुनांनो, लेकींनो, घरातलं कुणी गुडघ्याचं कारण सांगून लग्न चुकवत असेल तर एकदा विचारून बघा. उंदरापेक्षा सोपं आहे ते.